रिकाम्या खोलीतली हवा

३ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून लिहायला बसलो आहे. एरवी मी कचेरीतले अहवाल लिहितो, तेवढंच. दुकानांतले वजनकाटे तपासणं हे माझं काम. काटा बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर दुकानदाराची रडकथा ऐकत न बसता सील लावायचं.

ठकूचा दमा परत आला आहे. लहानपणी होता, मग गेला होता. मार्चमध्ये तिची आई गेली आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात पुन्हा सुरू झाला. सत्तावीस वर्षांची मुलगी, शाळेत लहान मुलांना शिकवते, आणि जिना चढून आली की खांबाला धरून उभी राहते. आज डॉक्टरीणबाईंनी तिला एका नळीत फुंकायला लावलं. आकडा चारशेच्या आसपास यायला हवा होता. तीनशेही आला नाही.

"मावशीकडे राहायला गेली होतीस तेव्हा कशी होतीस?" त्यांनी विचारलं.

तेव्हा पंप पिशवीतून बाहेरही काढावा लागला नव्हता.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "मग तुमच्या घरातच काहीतरी आहे. शोधा. कुठे काय जळतं, कुठे ओल आहे, काय बंद असतं. लिहून ठेवत जा."

बाहेर आल्यावर मेहुणी म्हणाली, "भावजी, महिनाअखेरपर्यंत शोधा. नाहीतर हिला मी घेऊन जाते, कायमची. एक बहीण गेली तेवढं पुरे झालं."

"मी कुठेही जाणार नाही," ठकू म्हणाली. इतक्या जोरात म्हणाली की तिला ढास लागली.

मला वाटायचं, तिला मावशीकडे आवडतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हवा मोजायचं यंत्र आणलं. पांढरी पेटी, चहाच्या डब्याएवढी. लोकांच्या श्वासातून खोलीत जो वायू साठतो त्याचा आकडा ती दाखवते, म्हणजे हवा खेळती आहे की कोंदलेली ते कळतं. धूळ किती, ओल किती तेही दाखवते; ओलीसाठी थेंबाचं चिन्ह आहे. शिवाय वर एक चेहरा आहे. हवा चांगली तर हिरवा आणि हसरा, वाईट तर लाल आणि ओठ खाली. दिवसभराची रेघही काढून ठेवते.

आधी गच्चीवर नेऊन तपासलं. मोकळ्या हवेत आकडा चारशेच्या जरा वर स्थिरावला. ठीक आहे.

संध्याकाळी मेहुणी आली. तिने कांदा परतायला घेतला आणि चेहरा लाल झाला. ती चमचा हातात धरून पेटीसमोर उभी राहिली.

"हे काय, माझ्या स्वयंपाकाला नाक मुरडतंय?"

"धूर झाला आहे," मी म्हणालो.

"झाला तर झाला. एका सासूच्या हाताखाली तीस वर्षं काढली, आता ही दुसरी आणलीत? ठकू, बघ गं, सासूने तोंड वाकडं केलं!"

ठकू हसली. पुष्कळ दिवसांनी. मी यंत्राला यंत्रच म्हणणार आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

आज रीतसर मोजणी केली. स्वयंपाकघर, बैठक, ठकूची खोली, माझी खोली. दारं-खिडक्या आधी बंद ठेवून, मग उघडून. शिवणाची खोली धरली नाही. ती बंद असते, तिथे कोणी जात नाही.

ठकूच्या खोलीत सकाळी आकडा फार चढलेला होता. खिडकी उघडल्यावर आम्ही चहा पिईपर्यंत उतरला. उपाय सोपा आहे म्हणायचा. पण खिडकी उघडी म्हटलं की मला शिंका येतात. यावरून आमच्याकडे लग्न झाल्यापासून भांडण होतं. ही उठली की पहिली खिडक्या उघडायची, मग चूल पेटवायची. मी मागोमाग बंद करत जायचो. ती पुन्हा उघडायची. "घराला श्वास घेऊ द्या हो," म्हणायची. मी म्हणायचो, "घराला सर्दी होत नाही, मला होते." भर थंडीत पाहुणे आमच्याकडे शाल पांघरून बसत.

आजपासून ठकूची खिडकी उघडी ठेवायची. आज तिला खोकला कमी होता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी पुन्हा धाप. पंप दोनदा. खिडकी उघडी असूनसुद्धा.

स्वयंपाकघरातला धूर बाहेर फेकणारा पंखा उघडून पाहिला. तो उलटा बसवलेला निघाला. बाहेरची हवा आत ओढत होता. गेल्या वर्षी मीच बसवला होता. मेहुणीला सांगू नको असं ठकूला म्हणालो. तिने लगेच फोन लावला.

कचेरीतून आल्यावर बोळातल्या स्टुलावर बसून बूट काढले. ते स्टूल शिवणाच्या खोलीच्या दाराशी आहे. तिथे बूट काढायला बरं पडतं. आज जरा वेळ बसलो. दाराच्या फटीला मी पडद्याच्या उरलेल्या कापडाची गुंडाळी लावून ठेवली आहे, धूळ जाऊ नये म्हणून. आतल्या खिडकीच्या फटींनाही चिकटपट्टी आहे. त्याच कारणासाठी. गुंडाळीच्या कापडावरच्या रंगीत पट्ट्या मी बाहेरच्या बाजूला ठेवतो, आज त्या आतल्या बाजूला होत्या. मेहुणीने केर काढताना फिरवली असणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंडक्टर यंत्र बघायला आले. बायकोलाही घेऊन आले. "आमच्याकडे पण एकदा आणा," म्हणाले. नेलं. आकडा चढत चालला. ते बसमधल्या गमती सांगत होते, त्या बऱ्याच लांबल्या.

त्यांची बायको म्हणाली, "यांना जरा गप्प बसायला सांगा, आकडा उतरतो का बघू."

ते खरोखर गप्प बसले. आकडा उतरला नाही, पण बाईंचा चेहरा हिरवा झाला. म्हणजे हसरा. असलं काही मी लिहीन असं वाटलं नव्हतं.

ठकूची आजची सकाळ बरी, संध्याकाळ वाईट.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नोंदींवरून एक गोष्ट दिसते. शाळा असते त्या दिवशी संध्याकाळी तिला त्रास होतो. रविवारी होत नाही. म्हणजे दोष घरात नाही, शाळेत आहे. फळ्याचा खडू! इतकं सोपं होतं. मेहुणीला फोन करून सांगितलं. जरा ऐटीतच सांगितलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ठकूने यंत्र शाळेत नेलं. वर्गाला तीन मोठ्या खिडक्या, सगळ्या उघड्या. यंत्र दिवसभर हसत होतं. मुलांनी त्याला टाटा केला.

शाळेत खडू गेली पाच वर्षं नाही. पांढऱ्या फळ्यावर शाईचे पेन वापरतात.

मेहुणीचा फोन आला होता. मी घेतला नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

महिना संपत आला. मेहुणीने तिच्याकडची मधली खोली रिकामी केली आहे, तिथे ठकूची पुस्तकं मावतील म्हणाली. ती चांगल्या मनाने म्हणते. तिच्यावर राग धरण्यासारखं काही नाही. मुलीला जिथे श्वास घेता येतो तिथे तिने असावं. मग या घरात मी आणि यंत्र.

ठकूला म्हणालो, "जाऊन ये थोडे दिवस."

"तुम्हाला मी नको आहे का?"

"तसं नाही."

"मग मला इथेच राहायचंय. इथे मला काम असतं."

"कसलं काम?"

ती भांडी लावायला उठून गेली. दुपारी शाळा सुटली की ती घरी येते. मी येईपर्यंत काय काम असतं, मला माहीत नाही. वह्या तपासत असेल.

एका काट्यावर विसंबून निकाल देऊ नये, हा आमच्याकडचा पहिला नियम. डॉक्टरीणबाईंकडून तसंच दुसरं यंत्र मागून आणलं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. आकडे जुळतात.

२३ नोव्हेंबर, रविवार

तुलनेसाठी एक अशी खोली हवी जिथे कोणी माणूसच नाही. तिथे आकडा हलायला नको. तो स्थिर राहिला तर बाकीच्या खोल्यांतला फरक खरा मानता येतो. हे मला आधीच सुचायला हवं होतं. घरात तशी एकच खोली आहे.

मेहुणी ठकूला बाजारात घेऊन गेली होती तेव्हा गुंडाळी काढली आणि दार उघडलं. लगेच आत जाऊन दार लावून घेतलं. वास तसाच आहे. मशीनवर अर्धवट शिवलेला पडदा, तिची कात्री, खुर्चीवर तिचा स्वेटर. पहिलं यंत्र मशीनवर ठेवलं. ओलीचा थेंब त्याच्यावर लाल झाला. पण तिथे कोणी राहत नाही, त्यामुळे त्याचा इथे संबंध नाही. जास्त वेळ थांबलो नाही. दार उघडं राहिलं की वास जातो.

धूळ जाते, असं लिहायचं होतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ठकू अंघोळीला गेली तेव्हा त्या खोलीतली रेघ पाहिली. सकाळभर सपाट. दुपारी एकदम चढली, चौदाशेपर्यंत गेली, मग संध्याकाळपर्यंत हळूहळू उतरत आली.

यंत्र बिघडलं आहे. रिकामी खोली श्वास घेत नाही. उद्या दुसरं ठेवतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दुसऱ्या यंत्रावरही तीच रेघ. त्याच वेळेला चढ, त्याच वेळेला उतार.

दोन काटे एकच चूक करत नाहीत. कबुतर आत अडकलं असेल म्हणून पाहिलं. नाही. खिडकीची पट्टी जशीच्या तशी आहे.

एक विचार मनात आला. तो अहवालात बसणार नाही. स्टुलावर बराच वेळ बसलो. ठकूने विचारलं, "बाबा, बूट काढून झाले ना?" मी म्हणालो, नाडीला गाठ बसली आहे. आज मी चपला घालून गेलो होतो.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज अर्धी रजा टाकली. नोकरीत पहिल्यांदाच, आजारी नसताना. साहेबांनी कारण विचारलं. एक काटा तपासायचा आहे म्हणालो.

भर दुपारी घरी आलो. आवाज न करता कुलूप उघडलं. काय दिसेल असं मला वाटत होतं ते लिहीत नाही. चोरासारखा बोळात आलो तर गुंडाळी बाजूला, भिंतीला नीट लावून ठेवलेली. आणि आतून खोकला.

तो खोकला मी कुठेही ओळखीन.

दार वाजवलं. खोकला थांबला.

"बाबा? तुम्ही आत्ता कसे?"

"काटा तपासायला आलो."

तिने दार उघडलं. अंगात आईचा स्वेटर, गळ्यात आईची मोजायची फीत, आई घालायची तशी. डोळे लाल.

"मी फक्त बसते इथे," ती म्हणाली. "काही हलवत नाही. इथे आईचा वास येतो ना. तुम्ही बंद करून ठेवलंय, म्हणून मी खिडकीला हात लावला नाही. शप्पथ."

"माहीत आहे. खिडकी उघडली असतीस तर आकडा एवढा चढला नसता."

तिने मशीनवरच्या पेटीकडे पाहिलं. ती बहुतेक शिवणाच्या डब्यांमध्ये लपून गेली होती. "हिने चुगली केली?"

"सासू आहे ती. दुसरं काय करणार?"

ती हसली. हसता हसता तिला ढास लागली, आणि ती थांबेना. पंप घेऊनही थांबेना. तिच्या खांद्यावरून मला तो लाल थेंब दिसत होता. रविवारी मी तो पाहिला होता आणि संबंध नाही असं लिहिलं होतं. तिला धरून गॅलरीत नेलं. बऱ्याच वेळाने श्वास खाली बसला.

"तुम्ही ती गुंडाळी कशासाठी लावली होती?" तिने विचारलं.

"धूळ."

"बाबा."

"तू जाऊन बसतेस त्याच कारणासाठी."

ती कठड्यावर हनुवटी टेकून म्हणाली, "मला ठाऊक होतं. बूट काढायला कोणाला एवढा वेळ लागत नाही."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मेहुणीला बोलावलं. सगळं सांगितलं, पंख्याचं सोडून. ते तिला माहीतच होतं.

तिने पदर खोचला, तोंडाला फडकं बांधलं, ठकूला दारातच थांबवलं आणि मला कपाटाच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. "ओढा."

कपाटामागची भिंत खालपासून खांद्यापर्यंत काळी-हिरवी होती. लव आल्यासारखी. बाहेरून गच्चीचा पाण्याचा नळ जातो, तो तिथेच फुटला आहे. पावसाळाभर पाणी भिंतीत मुरलं.

मेहुणीने फडकं खाली ओढलं, हुंगलं, आणि माझ्याकडे वळली.

"भावजी, हा तो वास? हा ताईचा वास म्हणून जपलात?"

मी पुन्हा एकदा हुंगून पाहिलं.

"ताईला साबणाचा वास यायचा, मशीनच्या तेलाचा यायचा. ही बुरशी आहे! इतके महिने बापलेक पाळीपाळीने बुरशी हुंगत बसलात?"

मग दारातून ठकूचा आवाज आला. मला वाटलं रडते आहे. ती पोट धरून हसत होती. "आईला कळलं तर," एवढंच तिला म्हणता येत होतं, "आईला कळलं तर!" मग मलाही आवरेना. मी असा शेवटचा कधी हसलो होतो, आठवत नाही. यंत्र लाल तोंड करून आमच्याकडे बघत होतं.

मेहुणी मात्र हसली नाही. ती मशीनपुढच्या खुर्चीवर बसली. "जन्मभर खिडक्या उघडत राहिली माझी बहीण," ती म्हणाली, "आणि तुम्ही दोघांनी मिळून तिलाच कोंडून घातलं." आणि ती रडायला लागली. तिला रडताना मी मार्चमध्येही पाहिलं नव्हतं. तेव्हा तीच सगळ्यांना चहा देत होती.

मी खिडकीपाशी गेलो. पट्टी चांगली चिकटली होती, नखाने निघेना. ठकूने दारातून सांगितलं, "बाबा, कात्री घ्या ना आईची." त्या कात्रीने कापडाशिवाय दुसरं काही कापायला आम्हाला कधी परवानगी नव्हती. घेतली.

खिडकी उघडली. मला तीन शिंका आल्या.

३० नोव्हेंबर, रविवार

ठकू मावशीकडे गेली. भिंत खरवडायची तर तिने इथे असूच नये, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मेहुणीने सांगितल्याप्रमाणे महिनाअखेरीलाच नेलं. पुस्तकांची पेटीही नेली. मी जिन्यापर्यंत उचलून दिली.

दोन्ही यंत्रं आज एकदम हिरवी. घरात एकच माणूस श्वास घेतो आहे आणि खिडक्या उघड्या आहेत. आकडा गच्चीवरच्याइतका आहे. इतकी चांगली हवा या घरात कधी नव्हती. मला काही ती आवडली नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

नळवाल्याने नळ बदलला. गवंड्याने भिंत खरवडली, सुकवली, नवा गिलावा केला, वर चुना दिला. पडदे आणि स्वेटर मी स्वतः धुतले, तिच्याच साबणाने. मशीनला तेल घातलं. थोडं सांडलं.

ठकू आज नळीत फुंकून आली. जवळजवळ चारशे. मेहुणीने फोनवर दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा हळू. तिला तिथे बरं वाटतं आहे. मग परत ये असं म्हणायचं कसं? मी म्हटलं नाही. फक्त निरोप पाठवला: "शिवणाच्या खोलीत आता सगळं हिरवं. ओलीचा थेंबसुद्धा. दोन्ही यंत्रांवर तपासलं."

तिचं उत्तर आलं: "शिक्का मारलात का?"

मी लिहिलं, "मारला." भिंत पुरती सुकलेली दिसली तरी नियमाप्रमाणे अजून थोडे दिवस थांबून पुन्हा तपासायला हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा घाईने शिक्का मारला.

१४ डिसेंबर, रविवार

ठकू घरी आली. मेहुणी पेटी घेऊन मागे, धापा टाकत. "हिला दमा नाही आता, मला होईल. तुमचा जिना मोजा एकदा, भावजी."

आज ठकूचा पलंग शिवणाच्या खोलीत हलवला. ती म्हणाली, तिला तीच खोली हवी. मशीन तिथेच राहणार. अर्धवट पडदा ती पुरा करणार आहे. तिला शिवता येत नाही, पण मेहुणी म्हणते ताईलाही आधी येत नव्हतं. कंडक्टर पलंग उचलायला आले होते. पलंगाचं एक टोक धरून त्यांनी एक पूर्ण गोष्ट सांगितली.

डॉक्टरीणबाईंचं यंत्र उद्या परत करायचं आहे. दुसरं राहील. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता रोज लिहायची गरज नाही. मलाही तसंच वाटतं.

१५ डिसेंबर, सोमवार

फक्त एवढंच लिहायचं राहिलं.

सकाळी गारवा होता. ठकू उठायच्या आधी तिच्या दाराशी गेलो. गुंडाळी नाही, दार अर्धं उघडं. मशीनवर यंत्र. आकडा गच्चीपेक्षा थोडा जास्त होता. एक माणूस आत झोपलेलं असेल तेवढा. थोडा वेळ बघत उभा राहिलो. मग वाऱ्याची झुळूक आली म्हणून खिडकी ओढून घ्यायला गेलो.

"बाबा," पांघरुणातून आवाज आला. "हात लावायचा नाही."

"गार आहे बाहेर. मला शिंका येतात."

"घराला श्वास घेऊ द्या हो."

मी खिडकी होती तशी ठेवली. जाऊन स्वेटर घातला.